कायद्याचं इंग्रजी : आधी क्रियापद शोधा

(विधी शाखेच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रांनो, भारतीय न्याय संहिता उघडा. कलम 303, चोरी. पहिलं पोटकलम एकाच वाक्याचं आहे. ते सावकाश ऐका : ‘हूएव्हर, इन्टेन्डिंग टू टेक डिसऑनेस्टली एनी मूव्हेबल प्रॉपर्टी आउट ऑफ द पझेशन ऑफ एनी पर्सन विदाउट दॅट पर्सन्स कन्सेन्ट, मूव्ह्ज दॅट प्रॉपर्टी इन ऑर्डर टू सच टेकिंग, इज सेड टू कमिट थेफ्ट.’

32 शब्द झाले. यातला एकही शब्द बारावीपर्यंतच्या इंग्रजीबाहेरचा नाही. तरीही हे वाक्य वाचून चोरी म्हणजे काय असं विचारलं, तर वर्गातून उत्तर येतं, ‘दुसऱ्याची वस्तू त्याच्या संमतीशिवाय घेणं.’ हे उत्तर चुकीचं आहे. इंग्रजी माध्यमातून आलेले विद्यार्थीही हेच उत्तर देतात. म्हणजे अडचण शब्दांची नाही, वाक्याच्या बांधणीची आहे. आजचं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवती आहे.

या वाक्यातलं मुख्य क्रियापद शोधा. ‘टेक’ नाही. ‘टेक’ हे हेतूच्या पोटात बसलं आहे. खरं क्रियापद आहे ‘मूव्ह्ज’, हलवतो. ‘हूएव्हर’ आणि ‘मूव्ह्ज’ यांच्या मध्ये 18 शब्द घुसले आहेत, आणि वाचणाऱ्याची दमछाक तिथेच होते. दोन स्वल्पविरामांमधला तो भाग झाकला की सांगाडा दिसतो : जो कोणी वस्तू हलवतो, त्याने चोरी केली असं म्हणतात. मग झाकलेला भाग एकेक करून परत आणायचा. हलवताना मनात काय हवं? अप्रामाणिकपणे घेण्याचा हेतू. वस्तू कशी हवी? जंगम. कुणाकडून? कुणाच्या तरी ताब्यातून. मालकीतून असं म्हटलेलं नाही, ताबा म्हटलं आहे. कशाशिवाय? ताबा असणाऱ्याच्या संमतीशिवाय. हलवणं कशासाठी? तसं घेता यावं म्हणून. पाच घटक झाले.

आता त्याच कलमाखालचा पहिला दृष्टांत वाचा. ‘अ’ हा ‘य’च्या जमिनीवरचं झाड अप्रामाणिक हेतूने तोडतो. झाड जमिनीपासून वेगळं झालं त्या क्षणी चोरी पूर्ण झाली. ते गाडीत घालून नेण्याची गरजच नाही. हे उत्तर ‘मूव्ह्ज’ या क्रियापदातून येतं. ज्याने क्रियापद ‘टेक’ धरलं, त्याला हा दृष्टांत कळणारच नाही, आणि परीक्षेत तो ‘चोरीचा प्रयत्न’ लिहून मोकळा होईल.

मराठीतून शिकलेल्यांना इथे एक सोय आपसूक मिळालेली आहे. इंग्रजी कायद्यातली बहुतेक वाक्यं तीन साच्यांत बसतात. ‘हूएव्हर’ किंवा ‘एनी पर्सन हू’ने सुरू होणारी, ‘व्हेन’ किंवा ‘व्हेअर’ने सुरू होणारी, आणि ‘इफ’ने सुरू होणारी. आपल्याकडे यांना जोड्या आहेत : जो–तो, जेव्हा–तेव्हा, जर–तर. इंग्रजीत या जोडीतला दुसरा शब्द बहुधा गाळलेला असतो. तो मनात घालून वाचलं की वाक्य आपोआप दोन भागांत तुटतं. ‘हूएव्हर’ आलं की पेन्सिलीने वर ‘जो’ लिहा, आणि ‘तो’ नेमका कुठे बसेल ते शोधा. ‘तो’ बसतो तिथून परिणाम सुरू होतो, त्याच्या आधीचा सगळा मजकूर अटींचा. संविदा अधिनियम, 1872 चं कलम 2 हे या सरावाला फार चांगलं आहे. (ए)पासून (जे)पर्यंत दहा व्याख्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच ‘व्हेन’ने सुरू होतात, आणि मागच्या व्याख्येतला शब्द पुढच्या व्याख्येत वापरला जातो. प्रस्ताव, स्वीकृती, वचन, प्रतिफल, करार, असा जिना आहे. एक पायरी चुकली की पुढची सगळी चुकते.

वाचायची रीत अशी ठेवा. पहिल्या वाचनात फक्त मुख्य क्रियापदाखाली दोन रेघा. दुसऱ्या वाचनात कर्त्याभोवती चौकट. तिसऱ्या वाचनात अटींना कंस आणि आकडे. चौथ्यात ‘प्रोव्हायडेड दॅट’, ‘एक्सेप्ट’, ‘अनलेस’ यांच्यापुढे उणे चिन्ह, कारण परंतुक आणि अपवाद हे बहुतेक वेळा मूळ नियमातून काहीतरी वजा करतात. शब्दकोश पाचव्या वाचनाला उघडायचा, त्याआधी नाही. आधी शब्दकोश उघडला की प्रत्येक शब्दावर अर्थ लिहिला जातो आणि वाक्य हातातून निसटतं. एका कलमाला सुरुवातीला वीस मिनिटं लागतील. रोज एकच कलम करा. महिना-दीड महिन्यात हेच काम पाच-सात मिनिटांवर येतं.

चोरीच्याच कलमाचं दुसरं पोटकलम शिक्षेचं आहे. त्यातले छोटे शब्द बघा. ‘मे एक्स्टेंड टू थ्री इयर्स’ म्हणजे कमाल तीन वर्षं, किमान काहीच नाही. ‘ऑर विथ फाइन, ऑर विथ बोथ’ म्हणजे कैद, दंड किंवा दोन्ही, निवड न्यायालयाची. दुसऱ्यांदा किंवा नंतर दोष सिद्ध झाला तर मात्र भाषा बदलते : ‘शॅल नॉट बी लेस दॅन वन इयर’, आणि शेवटी ‘अँड विथ फाइन’. ‘ऑर’चं ‘अँड’ झालं की न्यायालयाची निवड संपली, दंड द्यावाच लागतो. उत्तरपत्रिकेत ‘तीन वर्षांची शिक्षा होते’ असं लिहू नका. ‘तीन वर्षांपर्यंत’ लिहा. या ‘पर्यंत’वर शिक्षेचा सगळा युक्तिवाद उभा असतो.

‘शॅल’ म्हणजे बंधनकारक आणि ‘मे’ म्हणजे ऐच्छिक, हे तुम्ही गाइडमध्ये वाचलं असेल. सुरुवात म्हणून ठीक आहे, पण त्यावर विसंबू नका. संविधानाच्या अनुच्छेद 320(3) मध्ये लोकसेवा आयोगाचा सल्ला घ्यायचा तो ‘शॅल बी कन्सल्टेड’ या शब्दांत सांगितला आहे. तरी 1957 साली मनबोधन लाल श्रीवास्तव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद निदेशात्मक ठरवली, म्हणजे सल्ला घेतला नाही म्हणून कारवाई आपोआप रद्द होत नाही. मग ओळखायचं कसं? त्या ‘शॅल’चं पालन झालं नाही तर काय होईल, हे पुढे सांगितलंय का ते बघा. दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश 8 नियम 1 घ्या. प्रतिवादीने समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यावी, कारण नोंदवून ती मुदत 90 दिवसांपर्यंत नेता येते. तिथेही ‘शॅल’ आहे. पण 90 दिवस उलटले तर काय, याबद्दल नियम गप्प आहे. म्हणून 2005 साली कैलाश विरुद्ध नन्हकू या निकालात ही मुदत निदेशात्मक मानली गेली. व्यापारी दाव्यांसाठी 2015 च्या कायद्याने हाच नियम बदलला. 120 दिवसांनंतर प्रतिवादी ‘शॅल फॉरफिट द राइट’, त्याचा हक्कच जाईल, आणि न्यायालय कैफियत दाखल करून घेणार नाही, असं लिहून टाकलं. 2019 मध्ये एससीजी कॉन्ट्रॅक्ट्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत बंधनकारक ठरवली. ‘शॅल’ दोन्हीकडे तोच होता. फरक पडला तो त्याच्या पुढच्या शब्दांनी. म्हणून ‘शॅल’ दिसला की वाचन थांबवू नका, पुढचं वाक्य वाचा.

मुदतीच्या भाषेवर थोडा वेळ देतो, कारण वकिलाचं सर्वांत महाग इंग्रजी तेच. चेक न वटल्याचं प्रकरण घ्या, पराक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम 138. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यायचे. ते न दिल्यास वादकारण, म्हणजे कोर्टात जाण्याचं कारण, उद्भवतं, आणि तिथून तक्रारीला मुदत आहे ‘वन मन्थ’. पहिल्या दोन ठिकाणी दिवस आहेत, तिसऱ्या ठिकाणी महिना. महिना म्हणजे 30 दिवस नव्हे. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, 1897 प्रमाणे महिना इंग्रजी पंचांगाचा, म्हणून तो कधी 28 दिवसांचा असतो, कधी 31. लवाद अधिनियमाच्या कलम 34 मध्ये निवाड्याला आव्हान द्यायला ‘थ्री मन्थ्स’ आहेत. ते 90 दिवस नव्हेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली हिमाचल टेक्नो इंजिनिअर्स प्रकरणात स्पष्ट केलं. त्याच कलमात पुरेसं कारण असेल तर आणखी 30 दिवस मिळतात, ‘बट नॉट देअरआफ्टर’. हे तीन शब्द ओलांडून, उशीर माफ करण्याची सोय देणाऱ्या मुदत कायद्याच्या कलम 5 चा आधार घेता येत नाही, हे 2001 च्या पॉप्युलर कन्स्ट्रक्शन निकालात ठरलं. ‘फ्रॉम’ शब्द असेल तर पहिला दिवस धरायचा नाही, हेही 1897 च्याच कायद्यात आहे, कलम 9 मध्ये. मुदत मोजताना कागदावर तारखा मांडा. मनात मोजणाऱ्याचा एक दिवस हमखास इकडेतिकडे होतो.

‘सब्जेक्ट टू’ आणि ‘नॉटविथस्टँडिंग’ हे दोन बाण आहेत असं समजा. ‘सब्जेक्ट टू’ म्हणणारं कलम खाली वाकतं : ज्याचं नाव घेतलंय ते वरचढ. ‘नॉटविथस्टँडिंग’ म्हणणारं कलम स्वतः वर चढतं : काहीही म्हटलेलं असो, मी सांगतो ते चालेल. मराठीत पहिल्याला ‘च्या अधीनतेने’, दुसऱ्याला ‘काहीही असले तरी’. आता संविधानाचे अनुच्छेद 25 आणि 26 शेजारी ठेवा. 25 मध्ये व्यक्तीचं धर्मस्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य ‘आणि या भागातील इतर तरतुदी’ यांच्या अधीन आहे. 26 मध्ये धार्मिक संप्रदायांचे हक्क पहिल्या तिघांच्याच अधीन आहेत, ‘इतर तरतुदी’ हे शब्द तिथे नाहीत. नसलेल्या शब्दांवर किती मोठे घटनात्मक वाद उभे राहू शकतात, हे पुढच्या वर्षी तुम्ही शिकालच. आत्ता एवढी सवय लावा की दोन जवळची कलमं नेहमी शेजारी ठेवून वाचायची आणि एकीत असलेला पण दुसरीत नसलेला शब्द हुडकायचा.

व्याख्या वाचताना ‘मीन्स’ आणि ‘इन्क्लूड्स’ यांत गल्लत करू नका. ‘मीन्स’ने कुंपण घातलं जातं. ‘इन्क्लूड्स’ने कुंपणाबाहेरच्या गोष्टीही आत घेतल्या जातात. औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 मधल्या ‘इंडस्ट्री’च्या व्याख्येत दोन्ही शब्द होते. आपल्या मुंबईतल्या जे. जे. रुग्णालय समूहातल्या वॉर्ड कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केलं, तेव्हा सरकारी रुग्णालय ‘उद्योग’ आहे का, असा प्रश्न आला. 1960 च्या हॉस्पिटल मजदूर सभा निकालात न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी लिहिलं त्याचा आशय असा, की विधिमंडळाने मुद्दाम व्यापक शब्द घातले आहेत, शेजारच्या शब्दांच्या संगतीने त्यांना आखडून चालणार नाही. तो निकाल मूळ इंग्रजीत वाचाच. गजेंद्रगडकरांची वाक्यं लांब असली तरी सरळ चालतात, आणि एका शब्दाची छाननी कशी करावी याचा तो नमुना आहे.

न्याय संहितेतल्या मनुष्यवधाच्या कलमांत अंशांचे शब्द आहेत. कलम 100 मध्ये ‘लाइकली टू कॉज डेथ’, कलम 101 मध्ये ‘सफिशंट इन द ऑर्डिनरी कोर्स ऑफ नेचर टू कॉज डेथ’. मराठीत घाईने दोन्हींना ‘मृत्यू होऊ शकेल अशी इजा’ म्हटलं की सदोष मनुष्यवध आणि खून यांतली भिंतच पडते. पुन्नय्या प्रकरणात, 1976 साली, सर्वोच्च न्यायालयाने ही उतरंड समजावून सांगितली : ‘लाइकली’ म्हणजे नुसती शक्यता नव्हे, संभव. ‘सफिशंट’ म्हणजे मृत्यू हाच सर्वांत संभाव्य परिणाम. मराठीत उत्तर लिहिणाऱ्यांनी शक्य, संभाव्य आणि ‘निसर्गक्रमात पुरेशी’ हे तीन शब्द वेगळे ठेवावेत.

आता शब्दांकडे येऊ. लॅटिन शब्दांना तुम्ही घाबरता, ते खरं तर सोपे आहेत. ते 50–60 आहेत, प्रत्येकाचा अर्थ ठरलेला आहे, पाठ करून टाका. फसवतात ते ओळखीचे इंग्रजी शब्द. ‘कन्सिडरेशन’ म्हणजे विचार नव्हे, प्रतिफल, वचनाच्या बदल्यातला मोबदला. ‘इश्यू’ म्हणजे दाव्यात वादप्रश्न, मृत्युपत्रात मात्र अपत्य. ‘सर्व्हिस’ म्हणजे समन्सची बजावणी. ‘इंटरेस्ट’ म्हणजे व्याजही आणि मिळकतीतला हितसंबंधही. ‘चार्ज’ म्हणजे फौजदारीत दोषारोप, मिळकतीवर बोजा. ‘रिमांड’ म्हणजे आरोपीची कोठडी, पण अपिलात प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत पाठवणं. ‘एक्झिक्यूट’ म्हणजे दस्त करून देणं, आणि हुकूमनाम्याच्या संदर्भात त्याची अंमलबजावणी, म्हणजे आपल्याकडची दरखास्त. ‘लीव्ह’ म्हणजे रजा नव्हे, परवानगी. अनुच्छेद 136 खालची ‘स्पेशल लीव्ह पिटिशन’ ही विशेष परवानगीची याचिका. पुण्या-मुंबईत ज्याला सगळे ‘भाडेकरार’ म्हणतात, त्या ‘लीव्ह अँड लायसन्स’मधला ‘लीव्ह’ही तोच. तो भाडेपट्टा नाही, वापरायची परवानगी आहे, आणि म्हणूनच त्याला ‘लीज’ म्हणायचं नाही.

दावा ‘रिजेक्ट’ होणं, ‘रिटर्न’ होणं आणि ‘डिसमिस’ होणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वादपत्रातून वादकारणच दिसत नसेल तर ते नामंजूर होतं, आदेश 7 नियम 11. चुकीच्या न्यायालयात आलं तर योग्य ठिकाणी दाखल करायला परत मिळतं, नियम 10. आणि दावा चालून पुरावा पडला नाही तर तो फेटाळला जातो. आरोपी ‘डिस्चार्ज’ होतो तो दोषारोप ठेवण्याआधी, ‘अक्विट’ होतो तो खटला चालल्यावर. वर्तमानपत्रात दोन्हींना ‘सुटका’ म्हणतात. तुम्ही म्हणायचं नाही.

शब्दांची वही चार रकान्यांची करा : इंग्रजी शब्द, कायद्यातला अर्थ, तो ज्या कलमात भेटला त्याचा क्रमांक, आणि कोर्टात प्रत्यक्ष वापरला जाणारा मराठी शब्द. हा चौथा रकाना आपल्याकडे फार मोलाचा आहे. 1998 पासून महाराष्ट्रात दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी आहे. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाची, अनुच्छेद 348 प्रमाणे, इंग्रजी. म्हणजे तालुक्याला चाललेला मराठी दावा अपिलात मुंबईला, नागपूरला किंवा छत्रपती संभाजीनगरला गेला की त्याचे कागद इंग्रजीत न्यावे लागतात, आणि ते काम तुमच्यासारख्या नव्या वकिलाकडे येतं. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश हाताशी ठेवा, पण कोर्टाच्या आवारात ऐकू येणारे शब्दही टिपा : कैफियत, हुकूमनामा, दरखास्त, मनाई हुकूम, निशाणी, पुरसिस, रोजनामा, सरतपासणी, उलटतपासणी.

अनुवादात सगळ्यांत घातक चुका जमिनीच्या कागदांत होतात. खरेदीखत म्हणजे ‘सेल डीड’. साठेखत म्हणजे ‘अ‍ॅग्रीमेंट टू सेल’. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 54 प्रमाणे नुसत्या विक्रीच्या कराराने मिळकतीत हक्क निर्माण होत नाही. तुम्ही साठेखताला ‘सेल डीड’ लिहिलंत, तर समोरच्याला मालक करून टाकलंत. मुदत खरेदी ही बऱ्याचदा नावाची खरेदी असते. दस्ताच्या अटी बघून ती ‘मॉर्टगेज बाय कन्डिशनल सेल’, म्हणजे सशर्त विक्रीच्या रूपातलं गहाण, आहे का, ते ठरवावं लागतं. ‘वहिवाट’ शब्दाचा अर्थ कधी ताबा-कब्जा, कधी दुसऱ्याच्या बांधावरून जाण्यायेण्याचा हक्क. पहिल्याला ‘पझेशन’, दुसऱ्याला ‘ईझमेंट’. कागद पूर्ण वाचल्याशिवाय इंग्रजी शब्द घालायचा नाही. आणि गट नंबर, पोटहिस्सा, सात-बारा यांचं भाषांतर करायच्या फंदात पडू नका. पहिल्यांदा येतील तिथे एका ओळीत समजावून सांगा आणि पुढे तोच शब्द ठेवा.

निकालपत्र वाचताना एकच प्रश्न सतत विचारा : आत्ता कोण बोलतंय? निकालात वादीच्या वकिलांचं म्हणणं पानंच्या पानं असतं, मग प्रतिवादीचं, मग जुन्या निकालांतले उतारे, आणि या सगळ्यानंतर न्यायालयाचं स्वतःचं. ‘कन्टेन्डेड’, ‘सबमिटेड’, ‘अर्ज्ड’ म्हणजे वकील बोलतोय. ‘पर कॉन्ट्रा’ आलं की समोरचा वकील सुरू झाला. ‘वी आर अनेबल टू अ‍ॅक्सेप्ट’, ‘इन अवर व्ह्यू’, ‘वी होल्ड’ म्हणजे न्यायालय. ‘ऑब्झर्व्ह्ड’ आणि ‘हेल्ड’ यांतही अंतर आहे. प्रत्यक्ष वाद सोडवायला आवश्यक ते ‘हेल्ड’, जाता जाता म्हटलेलं ते ‘ऑब्झर्व्ह्ड’. अभिरूप न्यायालयाच्या (मूट कोर्टच्या) स्पर्धेत वकिलाच्या युक्तिवादातलं वाक्य न्यायालयाचं म्हणून वाचलं जाण्याचं कारण हेच, की विद्यार्थी उतारा शोधतात, क्रियापद बघत नाहीत. वेगळं मत कोणाचं आहे हेही बघा. 1976 च्या एडीएम जबलपूर प्रकरणात न्यायमूर्ती एच. आर. खन्नांचं मत अल्पमतात होतं. त्या निकालातलं बहुमत 2017 च्या पुट्टस्वामी निकालात चुकीचं ठरवलं गेलं. मधल्या 41 वर्षांत खन्नांचं वाक्य उद्धृत करणाऱ्याला ‘हे अल्पमत आहे’ असं सांगणं भाग होतं.

समासात तीन खुणा पुरेत : वादीच्या बाजूला ‘वा’, प्रतिवादीच्या ‘प्र’, न्यायालयाच्या ‘न्या’. केशवानंद भारतीसारखा 13 न्यायमूर्तींचा, 11 वेगवेगळ्या निकालपत्रांचा निकाल पहिल्या वर्षी हातात घेऊ नका. आठ-दहा पानांचे निकाल घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर या संकेतस्थळावर निकाल मोफत आहेत, आणि अनेकांचे मराठी अनुवादही. आधी इंग्रजी वाचा, एका परिच्छेदाचा स्वतः मराठी अनुवाद करा, मगच अनुवादित प्रत उघडा. उलट क्रमाने केलंत तर इंग्रजी वाचल्याचा भास तेवढा होईल.

शेवटचा भाग लेखनाचा. मसुद्याचं इंग्रजी अलंकारिक असावं लागतं हा समज काढून टाका. आदेश 6 नियम 2 सांगतो : महत्त्वाची तथ्यं द्या, थोडक्यात द्या, पुरावा देऊ नका, कायदा शिकवू नका. परिच्छेदांना क्रमांक द्या. तारखा, रकमा आणि आकडे अंकांत तसंच अक्षरांत लिहा. एका परिच्छेदात शक्यतो एकच तथ्य, साध्या भूतकाळात : कोणी, काय, केव्हा, कुठे. ‘हॅड बीन’ची गरज क्वचित पडते.

खरी कसोटी लागते ती नकारात. मराठी कैफियतीत एक ठोकळेबाज वाक्य असतं, ‘सदर मजकूर खोटा व खोडसाळ असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.’ त्याचंच इंग्रजी करून प्रत्येक परिच्छेदाखाली चिकटवलं जातं. आदेश 8 चे नियम 3, 4 आणि 5 नेमके याच सवयीविरुद्ध आहेत. जे तथ्य स्पष्टपणे नाकारलं नाही, ते कबूल धरलं जातं. ‘मला माहीत नाही’ म्हणणं हा नकार नव्हे, हे 1967 च्या सुमाराच्या जहुरी साह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. आणि नियम 4 तर जणू इंग्रजीचाच धडा आहे. समजा, वादपत्रात म्हटलंय : प्रतिवादीने 5 जून 2023 रोजी सातारा इथे रोख दोन लाख रुपये घेतले. विद्यार्थी लिहितो, ‘इट इज डिनाइड दॅट द डिफेंडंट रिसीव्ह्ड रुपीज टू लॅक इन कॅश अ‍ॅट सातारा ऑन फिफ्थ जून.’ हा नकार गळका आहे. मग एक लाख नव्वद हजार घेतले का? सहा जूनला घेतले का? कराडला घेतले का? चेकने घेतले का? या चारही प्रश्नांना हे वाक्य उत्तर देत नाही. रक्कम नाकारायची तर ‘द सेड सम ऑर एनी पार्ट देअरऑफ’, ती रक्कम किंवा तिचा कोणताही भाग, असं लिहावं लागतं. तारीख, जागा आणि रीत यांनाही प्रत्येकी ‘ऑर एनी अदर’ जोडावं लागतं. काही रक्कम घेतली असेलच, तर किती घेतली ते सांगावं लागतं. ‘देअरऑफ’सारखे जुनाट दिसणारे शब्द कधी टाकायचे आणि कधी ठेवायचे, याचं उत्तर इथे मिळतं. नुसत्या रुबाबासाठी असेल तर टाका. तो काढल्यावर वाक्याला भोक पडत असेल तर ठेवा.

पुढच्या तासाला येताना हाच सातारचा परिच्छेद घ्या आणि त्याचा नकार पाच वेगळ्या वाक्यांत लिहून आणा : व्यवहार, रक्कम, तारीख, जागा आणि रीत. शेजाऱ्याची वही घ्या, प्रत्येक वाक्यातल्या क्रियापदाखाली दोन रेघा मारा, आणि त्यातून पैसे कुठून गळतात का ते शोधा.